पासवर्ड न विचारणारं कुलूप

मंडळी, बरेच दिवस इकडे फिरकलो नाही. कारण, घरचा कॉम्प्युटर बंद पडला होता. म्हणजे खरं तर मीच पाडला होता.

तर झालं असं, की रविवारी सकाळी लिनक्स अपग्रेडला लावलं आणि ते अर्ध्यात अडकलं. बूटचा वेगळा विभाग जेमतेम ५१२ एमबीचा, तो जुन्या कर्नलांनी भरलेला. मी हुशारी केली. जुने सगळे कर्नल हातानेच उडवले आणि रीस्टार्ट मारला. काळा पडदा आणि 'कर्नल पॅनिक'! रोज पासवर्ड विचारायचा, तोही विचारला नाही.

एन्क्रिप्ट केलेली डिस्क कर्नलला एकट्याला उघडता येत नाही. त्याच्यासोबत इनिटरॅमएफएस नावाचं एक छोटं गाठोडं मेमरीत येतं. पासवर्ड विचारून डिस्क उघडणं हे काम त्याचं. जागेअभावी नव्या कर्नलचं गाठोडं बनलंच नव्हतं, आणि जुनी मी फेकून दिलेली. किल्ली खिशात, पण कुलूपच सापडेना!

आता घाम फुटला. कारण त्या डिस्कवर बाबांचा आवाज आहे. १९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं तेव्हाचं बोईसर कसं होतं, ते बाबांनी जाण्याआधी चार दुपारी बसून सांगितलं होतं. दुसरी कॉपी नाही. आज करू, उद्या करू...

डहाणू लोकल पकडून पालघरला ताईकडे गेलो. मधे एकच उमरोळी, पण त्या दिवशी तेवढंही लांब वाटलं. तिच्या लॅपटॉपवर लाइव्ह पेनड्राइव्ह बनवत होतो, तेव्हा ती म्हणाली, "अरे, उद्या तुलाच काही झालं तर आम्ही बाबांना ऐकायचं कसं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रात्री घरी येऊन पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, क्रिप्टसेटअपला पासवर्ड दिला. डिस्क पहिल्याच फटक्यात उघडली. हुश्श! आधी बाबांचं रेकॉर्डिंग दुसरीकडे उतरवलं, मग डिस्कवरच्या सिस्टीममध्ये शिरून गाठोडं नव्याने बांधलं. रीस्टार्ट केलं, तरी पासवर्ड नाहीच! डोकं खाजवल्यावर कळलं, मी डिस्क एका नावाने उघडली होती आणि क्रिप्टटॅब फाइलमध्ये नाव दुसरं होतं. त्यामुळे गाठोड्यात कुलूप उघडायची सोयच आली नव्हती. तेच नाव देऊन सगळं पुन्हा केलं. रात्री दीड वाजता त्याने पासवर्ड विचारला. पासवर्डची चौकट बघून इतका आनंद पूर्वी कधी झाला नव्हता.

लक्स-२ प्रकारच्या कुलपाला ३२ किल्ल्या लावता येतात, आणि मी एकच लावून बसलो होतो. कुलपाचा हेडर बिघडला तर बरोबर पासवर्डही कामाचा नाही, म्हणून त्याची कॉपी वेगळी काढून ठेवली. आणि येत्या रविवारी ताईला बोईसरला बोलावलंय. दुसरी किल्ली तिची. पासवर्ड ती स्वतः टाइप करणार, मी तोंड फिरवून उभा राहणार.

असो. त्यानंतर बाबांना ऐकत चहा.