मी शिट्टी वाजवली नाही

फुटबॉलपटू नेमारला मी जवळजवळ आठ वर्षं खोटारडा म्हणत आलो. मित्रांमध्ये म्हटलं, शाळेत सहकाऱ्यांशी बोलताना म्हटलं, मैदानावर मुलांसमोर तर किती वेळा म्हटलं त्याची गणतीच नाही. ते म्हणणं मी आता मागे घेतोय. सगळं नाही, पण बरंचसं. त्यासाठी मला आमच्या शाळेतल्या एका मुलाबद्दल सांगावं लागेल, आणि ते सांगायला मी सहा-सात वर्षं टाळाटाळ केली आहे.

मी बीड जिल्ह्यात क्रीडाशिक्षक आहे. शिक्षण कोल्हापुरात झालं. तिथं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या संघांचे सामने बघितले आणि फुटबॉल डोक्यात बसला तो कायमचा. वर्ल्ड कप आला की कोल्हापुरातल्या गल्ल्या ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटल्या जातात, तेही बघितलं. तिथल्या जुन्या खेळाडूंकडून एक गोष्ट मनावर ठसली होती. नडगी सोलली तरी उठायचं, पळायचं. जो पडून राहतो तो रडका. त्या वयात हे फार खरं वाटतं.

बीडला आलो तेव्हा इथं कुस्ती, कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट. फुटबॉल कुणाच्या खिजगणतीत नव्हता. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप भारतात झाला. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्य सरकारनं एका दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा संकल्प सोडला आणि शाळाशाळांना चेंडू वाटले. आमच्याकडचे चेंडू मी कपाटात ठेवू दिले नाहीत. मुरमाड मैदानावर चुन्यानं रेघा मारल्या, बांबूचे गोल उभे केले. त्याच वर्ल्ड कपमध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळत होता. मी मुलांना सांगायचो, हा आपल्यासारख्याच मातीत खेळून तिथं गेलाय.

नेमारवरून माझं भांडण २०१७ च्याही आधीपासूनचं. बीडमध्ये माझा एक मित्र आहे, औषधांचं दुकान चालवतो, ब्राझीलचा वेडा. २०११ साली सान्तोसकडून खेळताना नेमारनं फ्लामेंगोविरुद्ध जो गोल केला, त्याला पुढं पुष्कास पुरस्कार मिळाला. तो गोल मित्रानं मला दुकानात बसवून दाखवला. एकोणीस वर्षांचं काटकुळं पोरगं बचावपटूंमधून असं निघालं की जणू त्यांची हाडं त्याला आधीच ठाऊक होती. त्याच वर्षी सान्तोसनं कोपा लिबेर्तादोरेस जिंकला, १९६३ मध्ये पेले संघात असताना जिंकला होता, त्यानंतर पहिल्यांदा. मित्र म्हणाला, "बघ, हा पेलेच्या पंगतीला बसणार." मी म्हणालो, "बसेल की नाही माहीत नाही, झोपतो मात्र छान."

ब्राझीलमध्येही त्याला सारखा पडणारा म्हणून 'काय-काय' हे नाव पडलं होतं. तिकडच्या भाषेत 'काय' म्हणजे पडतो. मित्राचं म्हणणं, लाथा किती खातो ते बघ. माझं म्हणणं, लाथ लागायच्या आधीच पडतो ते बघ. वाद कधी मिटला नाही, कारण दोघांनाही आपल्याला हवं तेवढंच दिसत होतं.

२०१४ चा वर्ल्ड कप. ४ जुलैला फोर्तालेझात ब्राझील विरुद्ध कोलंबिया. आपल्याकडं रात्रीचा दीड. सामना संपायला थोडा वेळ राहिला असताना कोलंबियाच्या हुआन सुनीगानं मागून उडी घेतली आणि त्याचा गुडघा नेमारच्या पाठीत बसला. पंचांनी खेळ चालू ठेवला. सुनीगाला कार्डही मिळालं नाही. नेमार पालथा पडून ओरडत होता आणि मी माझ्या घरात, अंधारात, मित्राला फोनवर म्हणालो, "आता बघ, दोन मिनिटांत उठून पळेल." तो उठला नाही. कमरेच्या मणक्याचं हाड मोडलं होतं. घाव दोन सेंटीमीटर इकडं-तिकडं झाला असता तर चाकाच्या खुर्चीत बसावं लागलं असतं, असं त्यानंच नंतर सांगितलं. चार दिवसांनी ब्राझील जर्मनीकडून ७–१ हरलं.

मी त्या रात्रीचं वाक्य विसरून गेलो. मत बदलण्याची पहिली संधी तेव्हाच आली होती, आणि मी ती घेतली नाही. एकदा खरं लागलं म्हणून बाकीचं खोटं खरं होत नाही, असं स्वतःला समजावलं.

मग २०१८. रशिया. कोस्टा रिकाविरुद्ध त्याला हात लागल्यासारखं झालं, तो मागं कोसळला, पंचांनी पेनल्टी दिली आणि मग पडद्यावर पुन्हा बघून काढून घेतली. सर्बियाविरुद्ध तो लोळत गेला ते सगळ्या जगानं पाहिलं. चार सामन्यांत तो जवळपास चौदा मिनिटं जमिनीवर होता असा हिशोब एका स्विस वाहिनीनं मांडला. आमच्या मैदानावर मुलं त्याची नक्कल करत लोळायला लागली. मी ती नक्कल थांबवली नाही, उलट धडा म्हणून वापरली. फुटबॉलच्या बाराव्या नियमात पंचाला फसवायचा प्रयत्न केला तर पिवळं कार्ड आहे, हे मुलांना शिकवलं. पोर्ट्समथ विद्यापीठाच्या पॉल मॉरिस यांनी २००९ साली केलेल्या अभ्यासाबद्दल वाचलं होतं, तेही सांगितलं. खरा पडणारा हात पुढं टाकून स्वतःला सावरतो. खोटा पडणारा दोन्ही हात वर करतो, छाती पुढं काढतो, गुडघ्यात वाकतो, धनुष्यासारखा. "हात बघायचे," मी सांगायचो. "हात खोटं बोलत नाहीत."

तो मुलगा तेव्हा आठवीत होता. आई-वडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की गाडीत सामान भरून निघायचे, ते उन्हाळ्यातच परत. तो आजीजवळ राहायचा. पायात चेंडू आला की त्याचं सगळं अंग बदलायचं. इतक्या वर्षांत असा डावा पाय मी इथं दुसरा पाहिला नाही. आणि तो पडायचा. जरा धक्का लागला की पडायचा, मोठ्यानं विव्हळायचा, पाय धरून बसायचा. मुलं त्याला नेमार म्हणायला लागली. दुसऱ्या शाळांची मुलंही म्हणायला लागली. मी पण म्हणायचो. त्याला ते आवडतं, असं मला वाटायचं.

२०१९ च्या जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या आसपास, शेजारच्या एका शाळेबरोबर सामना ठेवला होता. पंच मीच. आपल्याच शाळेकडं झुकलो असं कुणी म्हणू नये, म्हणून मी त्या दिवशी जास्तच ताठ होतो. उत्तरार्धात तो डावीकडून आत शिरला, गोलसमोरच्या चौकटीत आला, आणि समोरच्या मुलाचा पाय चेंडूऐवजी त्याच्या नडगीवर बसला. नडगीला संरक्षक पॅड नव्हतं. आमच्याकडं कुणालाच नव्हतं. तो पडला आणि ओरडला, रोजच्यासारखाच.

मी शिट्टी वाजवली नाही. "ऊठ, नाटक नको," म्हणालो आणि पळत पुढं गेलो. खेळ दीड-दोन मिनिटं चालू राहिला. दोन्हीकडची मुलं हसत होती. मग त्याचा आवाज बंद झाला, आणि मी थांबलो तो त्या शांततेमुळं. नडगीचं हाड मोडलं होतं.

नंतर मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं, की पडताना त्याचे हात कुठं होते? वर होते की पुढं? मला आठवेना. हात बघायचे हे मी शिकवत होतो, आणि त्या क्षणी मी त्याचे हात बघितलेच नव्हते. कोण पडलंय तेवढं बघितलं आणि निकाल दिला.

प्लास्टर घातल्यावर दोन दिवसांनी त्याची आई आली. कारखाना लांब, रात्रभर एसटीत बसून आली होती. तोडीवरून उठून यायचं म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम उचलीतून कापतो, हे मला माहीत होतं. ती मला बोलेल, शिव्या देईल, अशी मी तयारी केली होती. ती बाहेरच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "सर, त्याला मीच शिकवलंय वरडायला. फडात पोटात दुखतंय म्हणलं तर मुकादम म्हणतो नाटक करती. बारीक दुखणं कुणाला दिसत नाही. मी म्हणलं, लागलं की मोठ्यानं वरड, म्हंजी कुणी तरी बघंल."

माझा 'नाटक' हा शब्द तिला कुणी सांगितला होता की नाही, मी विचारलं नाही. हिंमत झाली नाही.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये दोहाला जागतिक मैदानी स्पर्धा होत्या. आमच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेस धावत होता. प्राथमिक शर्यतीत दुसऱ्या धावपटूमुळं त्याला दोनदा अडथळा झाला, लय तुटली, तरी तो धावत राहिला. मी वर्गात ती शर्यत सांगितली. "हा बघा आपला माणूस. अडखळला, पण कुरकुर केली? पळत राहिला आणि अंतिम फेरीत गेला." बोलता बोलता माझी जीभ अडकली, कारण हे खरं नव्हतं. पळत राहून साबळे सातवा आला होता, म्हणजे बाहेर पडला होता. अंतिम फेरीत तो गेला तो भारतीय महासंघानं तक्रार केली म्हणून, आणि अधिकाऱ्यांनी चित्रफीत बघून त्याच्यावर अन्याय झाल्याचं मानलं म्हणून. अंतिम फेरीत त्यानं ८ मिनिटं २१.३७ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. त्याच्या वतीनं कुणी बोललं नसतं तर त्याची ती धाव झालीच नसती.

वर्गात पहिल्या बाकावर तो मुलगा होता. प्लास्टर निघून बरेच महिने झाले होते.

त्या आठवड्यात मी नेमारचे जुने सामने पुन्हा बघितले, या वेळी आवाज बंद करून. २०१८ मधल्या स्वित्झर्लंडविरुद्धच्या सामन्यात त्याच्यावर दहा फाउल झाले होते. दहा! आणि वर्ल्ड कपच्या चारच महिने आधी त्याच्या उजव्या पायाचं हाड मोडून शस्त्रक्रिया झाली होती. मी त्याला बसलेल्या लाथा मोजायला बसलो, पडणं मोजायचं सोडलं. मग पंच म्हणून स्वतःला एक प्रश्न विचारला. लाथ बसूनही तोल सावरून पळत राहिलेल्या मुलासाठी मी कधी शिट्टी वाजवली आहे का? नियमात तर कुठंच लिहिलेलं नाही की फाउल होण्यासाठी पडावं लागतं. तरीही मला एकही प्रसंग आठवला नाही. जो उभा राहिला त्याला मी काही दिलं नाही, जो पडला त्यालाच दिलं. म्हणजे पडायला मी शिकवलं होतं, माझ्यासारख्या पंचांनी शिकवलं होतं. आणि पडणारे जास्त झाल्यावर आम्हीच त्यांच्याकडं बघणं बंद केलं.

कोस्टा रिकाविरुद्धची पेनल्टी मी आजही देणार नाही. ते पडणं खोटंच होतं. त्या वर्ल्ड कपनंतरच्या एका जाहिरातीत नेमारनं स्वतः कबूल केलं की आपण कधी कधी अति करतो. पण त्या एका कबुलीनं आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या लाथा माफ झाल्या, असं मी जे धरून चाललो होतो, तिथं मी चुकलो. मित्राच्या दुकानात जाऊन मी त्याला हे सांगितलं. तो जिंकल्यासारखा हसला नाही. म्हणाला, "भाऊ, मी पण त्याचं पडणं कधी बघितलंच नाही. मला फक्त लाथाच दिसायच्या."

अलीकडं हे सगळं वेगळ्या अंगानं पुन्हा बोचलं. माझा पुतण्या पुण्यात खोली शोधत होता. घरमालकानं गाव विचारलं, त्यानं बीड सांगितलं, आणि बोलणं तिथंच संपलं. वर्षभर वर्तमानपत्रांत बीडचं नाव ज्या गुन्ह्यांमुळं येत होतं ते खोटे नव्हते, ते आम्हालाही लाज आणणारेच होते. पण त्या पोराकडं त्या माणसानं नीट बघितलंसुद्धा नाही. पुतण्या फोनवर चिडून बोलत होता आणि मी गप्प होतो. त्या घरमालकाला मी चांगला ओळखत होतो, कारण तसाच मी त्या जानेवारीत चौकटीजवळ उभा होतो.

आता कुणीही पडलं की मी शिट्टी वाजवून जवळ जातो. कितव्यांदा पडलाय हे मनात येतं, ते अजून जात नाही. तरी वाकतो, मोजा खाली करतो, विचारतो, "कुठं लागलं?" यानं खेळ रेंगाळतो, इतर शाळांचे सर कुरकुरतात. काही मुलं याचा फायदाही घेतात, ते मला दिसतं. त्यांना कार्ड दाखवतो, पण नडगी बघितल्यानंतर.

तो मुलगा पुढं फार खेळला नाही. पाय बरा झाला, पण आत शिरताना तो कचरायला लागला आणि दहावीनंतर त्यानं आयटीआय केलं. आता औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. गेल्या दिवाळीत बाजारात भेटला. नेमार पुन्हा सान्तोसला गेल्याचं त्यानंच सांगितलं, त्याच क्लबात, जिथून सुरुवात केली होती. मी म्हणालो, तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. आणि गर्दीत, फटाक्यांच्या गाड्याजवळ, मी त्याला सांगितलं की त्या दिवशी मी बघितलंच नव्हतं.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "सर, पेनल्टी होती ना?"

"होती," मी म्हणालो.