शेवंतीला कळी धरेना

आमच्या धनजच्या घरापुढे अंगण मोठे, पण सावली नावालाही नाही. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला बोटे जातील एवढ्या भेगा पडतात. अशा जागी मध्ये पिवळी टिकली आणि भोवती पाकळ्या, अशी फुले हवीत, आणि दरवर्षी नवी रोपे करायला नकोत, ही माझी हौस. घर आणि शाळेतली अर्धवेळ नोकरी सांभाळून जमेल तेवढीच बाग, नाही का?

आधी अमरावतीहून जरबेराची चार रोपे आणली. कौतुकाने खोल पुरली, तिथेच चुकले! जिथून पाने फुटतात तो भाग मातीच्या वर राहायला हवा. आषाढात पाणी साचून चारही कुजली. गलांडा मात्र उन्हाचा सोबती. झाड फार टिकत नाही, पण बी सांडून आपले आपण उगवते.

जीव लावावा अशी शेवंतीच. सासूबाईंनी माहेराहून आणलेली, पिवळी. बहर ओसरला की वीतभर ठेवून छाटायची, पावसाळ्याच्या तोंडी बुडाचे फुटवे वेगळे करून उंचवट्यावर लावायचे, श्रावणापर्यंत दोनदा शेंडे खुडायचे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी पूजेला घरची फुले!

तीन वर्षांपूर्वी मात्र दारापुढचा वाफा नुसता पानांनी माजला. कळी म्हणून नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "शेवंतीला विटाळ सोसत नाही बाई. कोणाचा तरी हात लागला असेल." सासूबाई काही बोलल्या नाहीत; फक्त दुसऱ्या दिवसापासून झारी स्वतः उचलू लागल्या. ते मला बोलण्याहून जास्त लागले. आणि खरे सांगते, बी.ए. झालेली मी, तरी मनात तारखांचा हिशेब करीत बसले.

मग एकदा परसात गेले, तर भिंतीआड उरलेसुरले फुटवे खोचले होते, ते कळ्यांनी भरलेले! त्यांना तर बाराही महिने पाणी मीच घालत होते, त्या चार दिवसांतही. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारले. ते म्हणाले, शेवंतीला कळी धरायला लांब, सलग अंधारी रात्र लागते. मध्ये उजेड पडला की ती नुसती पानेच काढते. तेव्हा उलगडा झाला. सासूबाई रात्री उठताना पडू नयेत म्हणून ह्यांनी पोळ्याच्या सुमारास ओसरीवर मोठा बल्ब लावला होता, तो रात्रभर जळायचा. तुमच्याही शेवंतीचे असे होत असेल, तर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड कुठवर येतो ते आधी बघा.

सासूबाईंना सांगितले. त्या बराच वेळ बल्बकडे पाहत राहिल्या. "म्हणजे माह्याच दिव्यानं झालं म्हण!"

"काढायचा का, आई?"

"नको. रातच्याला मले दिसत नाही. शेवंतीच मांगं ने."

आता दारापुढे गलांडा आहे आणि शेवंती परसात. दिवसा भरपूर ऊन, रात्री काळोख. झारी मात्र त्यांनी मला पुरती परत दिली नाही. सकाळचे पाणी त्या घालतात, संध्याकाळचे मी.