तोळ्यामागे चार-पाच टन दगड

ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडीबद्दल मुलांनी वाचले होते. ओपल काढणारे लोक तिथे उन्हापायी जमिनीखाली घरे कोरून राहतात, चर्चसुद्धा खालीच. आम्हा सोलापूरकरांना उन्हाचे काय कौतुक! पण खाणीचे गाव पाहायचे तर रायचूर जिल्ह्यातले हट्टी आम्हाला गाठण्याजोगे. आमचे साडू तिथेच राहतात. रायचूरपर्यंत रेल्वे, पुढे बस.

हट्टी हे सोन्याचे गाव, पण सोने कुठेच दिसत नाही. दिसतात ते शाफ्टवरचे उंच लोखंडी सांगाडे, राखाडी मातीचे ढीग, कामगारांची वसाहत. पाळी सुटली की डबे घेतलेले थकलेले लोक. निजामाच्या राज्यात १९४७ साली सुरू झालेली ही कंपनी आज कर्नाटक सरकारची आहे. पण खोदकाम फार जुने. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी लोक दोनशे मीटरपर्यंत खाली उतरले होते. खडक आगीने तापवायचा, मग फोडायचा. त्या धुरात ते श्वास कसा घेत असतील, अल्लाहच जाणे. जवळच्या मस्कीला अशोकाचा शिलालेख आहे. तोही १९१५ साली सोने शोधणाऱ्या बीडन नावाच्या इंजिनिअरलाच सापडला. कूबर पेडीला ओपल सापडले तेही त्याच वर्षी!

साडूंनी चहा पिता पिता सांगितले, टनभर दगडातून दोन-तीन ग्रॅम सोने निघते. म्हणजे तोळ्यामागे चार-पाच टन. आमची थोरली गप्प झाली. तिच्या निकाहासाठी मुलाकडच्यांनी दहा तोळे सुचवले होते, "तुमच्या खुशीने" असे म्हणत. ही खुशी कुणाची, हे दोन्ही घरांना ठाऊक होते. साडेसात तोळ्यांवर जकात लागते, म्हणजे दीन ज्याला मालदार धरतो त्याच्याहून जास्त सोने चादरीच्या कारखान्यातल्या पगारावर आम्ही द्यायचे!

"पन्नास टन दगड माझ्या गळ्यात नकोत, अम्मी," ती म्हणाली. साडूंच्या घरी सगळे हसले. ती हसली नाही.

परतताना वाडी जंक्शनला गाडी बराच वेळ थांबली. तिथूनच आम्ही मुलाच्या वडिलांना फोन लावला. सलाम-दुआ झाली. मग सांगितले, भाईसाब, तीन तोळे, तेही आमच्या मुलीच्या नावावर राहतील. महेर मात्र रोख ठरवू. पलीकडून एवढेच आले, "घरात विचारून कळवतो."

अजून कळवलेले नाही.