परसातल्या म्हाताऱ्या

कोंबडीलाही म्हातारपण येतं, हे शहरातल्या माणसाला ठाऊक असण्याचं कारण नाही. ब्रॉयलरचं आयुष्य पाच-सहा आठवड्यांचं. अंड्यांच्या पोल्ट्रीतली लेअर दीड वर्षाच्या आसपास टिकते. अंडी उतरायला लागली की तिचा हिशेब मिटतो. डोंबिवलीत माझ्या इमारतीखालच्या दुकानातल्या पिंजऱ्यात दाटीवाटीने बसलेली असतात ती सगळी पोरंच, नुसती अंगाने वाढलेली.

म्हातारी कोंबडी बघायची तर मुरबाडच्या पुढे, म्हशाच्या वाटेवर आत्याच्या परसात यावं लागतं. तिथे चौघी आहेत. थोरली भुरी. तिचा तुरा फिकट पडलाय, पायांवरची खवलं जाड होऊन उचलली गेलीत, मागच्या बोटाच्या वर, नळीला, कोंबड्याला फुटतो तसा काटाही फुटलाय. खवल्यांखाली बारीक कीड होते. म्हणून आत्या तिला मांडीवर उताणी घेते आणि करंजेलात बोट बुडवून दोन्ही पाय चोळते. भुरी तेवढा वेळ डोळे मिटून पडून राहते. "माजे पन गुडघे दुखतात," आत्या म्हणते, "मला कोन चोळतो?"

कण्या टाकल्या की तरण्या कोंबड्या धावत येतात. भुरी मागून येते, मान तिरकी करून एका डोळ्याने दाणा नीट बघते आणि मग चोच मारते. तोवर दाणा दुसरीच्या पोटात गेलेला असतो. त्यामुळे आत्या कण्या दोनदा टाकते. एकदा ओट्यापुढे सगळ्यांना, आणि नंतर मागच्या दाराशी, हळूच, मुठीतून.

हे वाचून कोणी गहिवरणार असेल तर थांबावं. याच आत्याने गटारीला, नवसाला, जावई आले म्हणून कितीतरी कोंबड्या कापल्यात आणि रस्साही मन लावून केलाय. भुरी वाचली ती खुडूक बसते म्हणून. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, पोल्ट्रीतली तीनशेच्या घरात. हा फरक नुसत्या खुराकाचा नाही. गावठी कोंबडी दहा-बारा अंडी घालते, त्यावर एकवीस दिवस बसते, मग पिल्लांमागे दोन-अडीच महिने घालवते. तेवढा काळ अंडी बंद. पोल्ट्रीच्या जातींमधून ही खोड पिढ्यानपिढ्या निवड करून काढून टाकली गेली. बाजाराच्या दृष्टीने ती खोडच. परसात मात्र पुढची पिढी त्याच खोडीवर उभी असते. भुरी आता स्वतः मोजकीच अंडी घालते, आकाराने मोठी आणि पातळ कवचाची. पण दुसऱ्यांची अंडी पोटाखाली सरकवली तरी ती हूं की चूं करत नाही.

तिला बसवायचं म्हणजे एक सोहळाच असतो. जुन्या टोपलीत चुलीतली राख, वर भाताचा पेंढा, आणि विजेच्या कडकडाटाने अंडी नासू नयेत म्हणून कोपऱ्यात लोखंडी खिळा. राखेने पिसवा-उवा दूर राहतात, हे कळतं. खिळ्याचं काही मी विचारत नाही. सात-आठ दिवस झाले की रात्री एकेक अंडं मोबाइलच्या उजेडावर धरायचं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर परत टोपलीत, नितळ दिसलं तर बाहेर. भुरी हाताला चोची मारते, पण उठत नाही.

कोंबड्या पाळणं हे वेगळं काम नसतंच, ते घरदुरुस्तीत मिसळलेलं असतं. इकडे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. मे महिन्यात शाकारणी, सरपण आत घेणं, बांधाची डागडुजी, कारवीच्या कुडाला शेणमातीचा हात, हे सगळं अंगावर येतं. खुराड्याच्या तळाला दगड बसवावे लागतात, नाहीतर मुंगूस माती उकरून आत शिरतं. पूर्वी कौलं उतरवून परत लावायला वाडीतली पोरं मिळायची. आता ती मुरबाडच्या एमआयडीसीत पाळीवर जातात, नाहीतर पहाटेच्या एसटीने कल्याण गाठतात. शाकारणी करायला माणूस नाही, म्हणून गोठ्यावर पत्रे आले. एप्रिलच्या दुपारी त्या पत्र्यांखाली कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकतात. माणसांना पत्रा सोयीचा पडला, त्यांना नाही.

उन्हाळ्यातच मानमोडीची साथ येते. आली की दोन दिवसांत खुराडं रिकामं. लस आहे, लासोटा, पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब घातला की झालं. घोळ वेगळाच आहे. लसीची छोट्यातली छोटी कुपीसुद्धा शंभर पक्ष्यांची, आणि एकदा कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. आत्याकडे पिल्लं आठ. मग वाडीतल्या बायका एक दिवस ठरवतात, कोणीतरी बर्फाच्या डब्यातून कुपी आणतं आणि ज्याच्या त्याच्या टोपलीतली चिवचिव आत्याच्या पडवीत जमा होते. कुणाची पिल्लं कुणाची, यावरून थोडी बाचाबाची होते. लसीकरणाचा याहून चांगला कार्यक्रम मी पाहिलेला नाही.

२०२२ च्या फेब्रुवारीत शेजारच्या शहापूर तालुक्यात वेहळोलीला बर्ड फ्लू निघाला. शंभरेक पक्षी दगावले आणि एक किलोमीटरच्या परिघातले सुमारे २५ हजार पक्षी मारायचं ठरलं. अशा वेळी शेडमधली आणि परसातली असा भेद नियमात नसतो, आणि रोगाचा विचार केला तर नसावाच. आमची वाडी तिथून लांब. तरी आत्याने तेव्हा खुराड्याची फळी दिवसाही उघडली नाही. भरपाई पक्ष्यामागे मिळते असं मी सांगितल्यावर तिने विचारलं, "बसनारीची येगली देतात का?"

आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्लॉट पडलेत. रेल्वे येणार, येणार म्हणता म्हणता भाताच्या खाचरांना तारेची कुंपणं लागली. आत्याच्या बांधाला लागून ठाण्याच्या एका शेठचं फार्महाऊस आहे. शनिवारी गाडी येते, रविवारी जाते. पहाटे कोंबडा आरवतो याची सुरुवातीला तक्रार होती. गेल्या वर्षी त्यांनाही कोंबड्यांची हौस आली. कुठूनशी गिरिराजाची अंडी आणली, पण उबवायला कोण? सुधारित जातीच्या कोंबड्या बसायच्या नावाने शंख. शेठ बांधावर आले आणि भुरीची किंमत विचारू लागले.

आत्याने विकायला नकार दिला, पण निम्म्या वाट्याने द्यायला ती तयार झाली. अंडी शेठची, कोंबडी तिची, पिल्लं अर्धी-अर्धी, तोवरच्या कण्या शेठच्या. आणि मुंगसाने भुरीला नेलं तर बदल्यात तरणी कोंबडी.

"म्हातारीच्या बदल्यात तरणी?" शेठ हसले.

"तुमच्या तरनीला येतं का बसता?" आत्या म्हणाली, आणि भुरीला काखेत घेऊन टोपली शोधायला आत गेली.