चिखलाची साक्ष

रविवारी तिसऱ्या प्रहरी बादली, दोन जुने ब्रश आणि फडक्यांचे बोचके घेऊन मी आमच्या वसाहतीच्या मागल्या नळाशी बसलो की, येणाराजाणारा क्षणभर थांबून माझ्याकडे कीव केल्यासारखा पाहतो. आठवडाभर कचेरीत फायलींवरची धूळ झटकणाऱ्या माणसाने सुट्टीच्या दिवशीही तेच करावे, याचे त्याला नवल वाटत असावे. पण या दोहोंत मोठा भेद आहे. फायलीवरची धूळ कोठून आली हे कोणी विचारीत नाही. मोटारसायकलीवरच्या चिखलाला मात्र गाव असते.

चंडीमंदिर हे शिवालिकच्या पायथ्याचे लष्करी ठाणे. ज्या चंडीवरून चंडीगढ शहराला नाव मिळाले, तिचे देऊळ येथलेच. एका अंगाला कालक्याकडे जाणारा रस्ता आणि लोहमार्ग, दुसऱ्या अंगाला घग्गर नदी, आणि पलीकडे मोरनीचे डोंगर. डांबरी रस्ता सोडून भटकण्याची ज्याला हौस आहे, त्याला येथे घरात बसवणे कठीण. चंडीगढच्या सेंट जॉन्स शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची 'सजोबा' ही मोटारींची रॅली या टेकड्यांतून जाते, आणि १९९९ साली सुरू झालेल्या 'रेड द हिमालय'मुळे या बाजूच्या तरुणांना दगडधोंड्यांतून गाडी हाकण्याचे वेड लागले. माझी मजल अर्थात तेवढी नाही. २०१६ साली 'हिमालयन' नावाची जी उंच मोटारसायकल बाजारात आली, तीच दुसऱ्याने वापरलेली मी घेतली, एवढेच. पुढचे चाक २१ इंची, चाकांना स्पोक, आणि जमिनीपासून वीतभर उंच असे पोट. ही गाडी चिखलातून सहज निघते. चिखल मात्र तिच्यातून सहज निघत नाही.

मी परभणीकडचा. काळ्या मातीचा चिखल मला ठाऊक होता. ती माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी गच्च बसते की चाक फिरेनासे होते. म्हणून आमच्याकडे पावसाळ्यात सायकलवाला हाताशी एखादी काटकी बाळगतो. पण ती माती डाग ठेवीत नाही. वाळली की ढेकळाने सुटते. मोरनीच्या वाटेवरची तांबूस चिकणमाती मला अगदी नवी होती. पहिल्या पावसाळ्यात मी तिला काळ्या मातीसारखीच वाळू दिली आणि मग फडक्याने खसाखसा पुसली. मडगार्डच्या खरबरीत प्लॅस्टिकवर विटकरी छटा राहिली ती राहिलीच. तेव्हा मी घरातली तांब्यापितळेची भांडी घासायची पूड आणली आणि तारेची घासणी घेतली. डाग पुसट झाला खरा. परंतु त्या भरात टाकीवरूनही हात फिरवला, आणि तिच्या काळ्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे शेकडो ओरखडे उठले. आजही उन्हात ते दिसतात. ती माझ्या उतावळेपणाची सही आहे.

"आधी मला विचारायचं होतंत," ही म्हणाली. हिचे माहेर रत्नागिरीजवळचे. जांभ्याच्या लाल मातीत हिचे बालपण गेले. लुगड्याला लागलेला लाल चिखल ओला असताना चोळायचा नाही, पुरता वाळू द्यायचा आणि झटकून मग धुवायचा, हा हिच्या आईचा दंडक. मी तो मोटारसायकलीला लावून पाहिला आणि पुन्हा फसलो. कारण कापड झटकता येते, टाकी झटकता येत नाही. वाळलेल्या मातीत वाळूचे कण असतात. रंगावर ते पॉलिश कागदाचे काम करतात. येथे नियम उलटा: माती वाळूच द्यायची नाही, आणि वाळलीच तर हाताने शिवण्यापूर्वी तिला पाण्याने पोटभर भिजू द्यायचे.

लाल डाग हा रंगाचा डाग नव्हेच, हे मला उशिरा कळले. ती लोखंडाच्या गंजाच्या जातीची भुकटी असते, आणि चिकणमातीच्या कणांना चिकटून प्लॅस्टिकच्या बारीक खळग्यांत शिरते. मातीचे हे कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान. फडके वरूनच फिरते. खळग्यात उतरतो तो मऊ केसांचा ब्रश आणि साबणाचे पाणी, तेही दहा मिनिटे मुरू दिले तर. सायलेन्सरच्या नळीवर मात्र हे चालत नाही. तापलेल्या नळीवर पडलेली माती भट्टीतल्या विटेसारखी भाजून निघते आणि मग पाणी पीतच नाही. तेथे इंजिन निवल्यावर ओले फडके तासभर गुंडाळून ठेवावे आणि लाकडाच्या चपटीने खरवडावे. जेवढे निघेल तेवढ्यावर समाधान मानावे. (गरम नळीवर गार पाणी ओतण्याचा मोह होतो. तो आवरावा.) रस्त्यावरच्या धुलाई केंद्रात जोरदार फवाऱ्याने पाच मिनिटांत सारे काम होते, हे खरे, पण तोच फवारा चाकांच्या बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो आणि तेथले ग्रीस बाहेर काढतो. बाहेरून लखलखीत आणि आतून गंजलेली गाडी घेऊन मी एकदा घरी आलो आहे.

आता नदीविषयी. घग्गर वर्षातले आठ महिने गोट्यांचा पट्टा असते. मधून एखादा ओहोळ. गाडी घालण्यास याहून सुंदर जागा नाही. परंतु २०२३ च्या जुलैमध्ये हिला घेऊन मी पुराचे पाणी पाहण्यास गेलो होतो. ज्या गोट्यांवर मी आठवड्यापूर्वी गाडी उभी केली होती, तेथे या काठापासून त्या काठापर्यंत गढूळ पाणी धावत होते आणि त्यात अख्खी झाडे वाहत होती. शिवालिकमधल्या 'चो' नावाच्या ओढ्यांचे असेच असते. पाऊस वर डोंगरात पडतो. खाली ऊन असते, आणि पाणी येते ते भिंतीसारखे. त्या दिवशी हिने माझ्याकडून वचन घेतले: दसऱ्यापूर्वी नदीत गाडी घालायची नाही. मी ते दिले, आणि मनापासून दिले.

गेल्या भाद्रपदात मी ते मोडले. मोरनीहून परतताना आभाळ स्वच्छ होते, पात्रातून गेल्यास वळसा वाचत होता, आणि पाणी घोट्याएवढेच होते. असल्या सबबी प्रत्येकापाशी असतात. घरी आल्यावर, ही बाजारातून परतण्यापूर्वी, मी घाईने गाडी धुतली. मडगार्डवर मोरनीची तांबडी माती मुद्दाम थोडी राहू दिली. सारेच धुतले असते तर संशय आला असता. किती हुशारी ही!

ही आली, पिशव्या खाली ठेवल्या, आणि सहज म्हणून वेगाच्या काट्याच्या तबकडीभोवतालच्या खाचेवरून बोट फिरवले. मग ते बोट उन्हात धरले. बोटावर राखाडी रेती होती, आणि तिच्यात बारीक बारीक काहीतरी चमकत होते.

शिवालिकचा करडा वालुकाश्म हिमालयाच्या चुऱ्यापासून झालेला. त्याच्या वरच्या थरांपैकी एकाला भूगर्भशास्त्रज्ञ आमच्या शेजारच्या पिंजौरचेच नाव देतात. या खडकात अभ्रकाचे पापुद्रे असतात आणि नदी तो झिजवून रेती करते, म्हणून घग्गरची रेती चमकते. हे सारे मीच हिला एकदा फिरायला गेलो असता मोठ्या ऐटीत सांगितले होते.

"मोरनीच्या वाटेवर अभ्रक असतो का हो?" हिने विचारले.

"नदीतून आलो," मी म्हणालो. "पाणी नव्हतं फारसं."

"वर पाऊस होता की नाही, ते ठाऊक होतं?"

ते मला ठाऊक नव्हते. ही पुढे काही बोलली नाही. बोट पदराला पुसले, पिशव्या उचलल्या आणि आत गेली. स्वयंपाकघरात भांडी नेहमीपेक्षा हळू वाजत होती. हिचा राग मी ओळखतो; तो आवाज वाढवणारा नाही.

मी तेथेच बसून राहिलो. चेन अजून ओली होती. ओली चेन तशीच ठेवली तर रात्रीतून तिच्यावर तांबूस गंज चढतो. म्हणून मी जुन्या ब्रशाने तिची एकेक कडी झाडली, फडक्याने टिपली, चाक हाताने फिरवीत तिला तेल लावले. एरवी दहा मिनिटांचे हे काम. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत चालले होते.