दुधाचा दात

आमच्या लहानपणी दुधाचा दात पडला की तो घराच्या कौलांवर फेकण्याची पद्धत होती. नवा दात पक्का यावा, एवढीच त्यामागची भाबडी श्रद्धा. त्या इवल्याशा दातात मुलाच्या बालपणाची नोंद साठलेली असू शकते, हे मला फार उशिरा, शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यावर कळले; आणि कळले तेव्हा एका विद्यार्थ्याच्या आठवणीने मन अस्वस्थ झाले.

१९८४ सालची गोष्ट. वसईतील एका शाळेत मी तिसरीच्या वर्गाला शिकवीत होतो. वर्गात एक किडकिडीत, फिकट चेहऱ्याचा मुलगा होता. फळ्यावरचे गणित अर्धे उतरवून तो खिडकीबाहेर पाहत बसे. लागोपाठ दोन सूचना दिल्या की दुसरी त्याच्या ध्यानात राहत नसे. मी त्याला कित्येकदा बाकावर उभे केले आणि प्रगतिपुस्तकात ‘आळशी व निष्काळजी’ असा शेरा लिहिला. त्याचे वडील घराच्या पडवीतच मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करीत. एकदा तक्रार घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. कढईत शिसे वितळत होते, पडवीभर राखाडी धूळ पसरली होती आणि तो मुलगा हातात पावाचा तुकडा धरून धाकट्या बहिणीबरोबर त्या धुळीत खेळत होता. वडील हात जोडून म्हणाले, “मास्तर, हवं तर मारा त्याला, पण शिकवा.” मी सारे पाहिले आणि काहीच न पाहता परत आलो. सातवीनंतर त्याने शाळा सोडली.

पुढे हर्बर्ट नीडलमन या अमेरिकन डॉक्टरांच्या संशोधनाविषयी माझ्या वाचनात आले. बॉस्टनजवळच्या चेल्सी आणि सोमरव्हिल येथील पहिली-दुसरीच्या दोन हजारांहून अधिक मुलांचे पडलेले दुधाचे दात त्यांनी जमविले. रक्तातील शिसे काही महिन्यांत पुष्कळसे उतरते; दातात मात्र ते टिकून राहते. त्याच मुलांविषयी त्यांच्या शिक्षकांकडून प्रश्नावली भरून घेतली. कोणाच्या दातात किती शिसे आहे, हे शिक्षकांना ठाऊक नव्हते. १९७९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दातात शिसे जितके अधिक, तितके ‘लक्ष विचलित होते’, ‘सूचना पाळत नाही’, ‘दिवास्वप्ने पाहतो’ हे शेरेही अधिक. विषबाधेचे उघड लक्षण मात्र त्या मुलांत दिसत नव्हते. पुढे १९९० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, त्यांच्यापैकी ज्यांच्या दातात शिसे जास्त होते, त्यांच्यात शाळा अर्धवट सोडण्याचे प्रमाणही कितीतरी अधिक आढळले. ते शेरे वाचताना मला माझेच हस्ताक्षर दिसू लागले.

शिशाच्या बाबतीत आपले शरीर फसते. ते त्याला कॅल्शियम समजून हाडांत आणि दातांत जागा देते. वाढत्या मेंदूत ते मज्जापेशींच्या कामात व्यत्यय आणते. मोठ्या माणसांच्या चौपट-पाचपट शिसे लहान मुलांचे शरीर शोषून घेऊ शकते, आणि आहारात लोह व कॅल्शियम कमी असेल तर आणखी अधिक. म्हणजे उपाशी मुलावर हे विष दुहेरी घाव घालते. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. घरगुती रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी मर्यादा घातली. तरीही जुने रंग, भेसळीची हळद आणि उघड्यावर वितळविल्या जाणाऱ्या बॅटऱ्या यांतून शिसे घरात येतच असते. युनिसेफ व प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात चिंताजनक प्रमाणात शिसे आहे. त्यांपैकी सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतातली.

माझ्या त्या विद्यार्थ्याच्या रक्ताची तपासणी कधीच झाली नव्हती. तेव्हा त्याचे शिक्षण शिशामुळेच खुंटले, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. परंतु ते आळसामुळे खुंटले, असे म्हणण्याचाही अधिकार नव्हता. तो मात्र मी निर्धास्तपणे वापरला. त्याच्या वडिलांना तरी दोष कसा द्यावा? त्यांनी पोरांसाठी भाकरीच मिळविली होती. आंबट द्राक्षे आणि मुलांचे दात यांविषयीची जुनी म्हण यिर्मया व यहेज्केल या संदेष्ट्यांनी नाकारली, ती मला अशा वेळी आठवते.

मध्यंतरी चर्चच्या सणाला तो भेटला. केस पांढरे झालेले, बोट धरून चार वर्षांची नात. अजूनही बॅटऱ्यांचेच काम करतो. मी त्याला जे वाचले होते ते सांगितले. भट्टी घरापासून दूर ने. कामाचे कपडे तिथेच बदल. आंघोळ केल्याशिवाय नातीला उचलू नकोस. तिला दूध, नाचणी, पालेभाजी दे. आणि तुझे व तिचे रक्त एकदा तपासून घे. गेलेली बुद्धी औषधाने परत येत नाही, पण पुढचे विष टाळता येते.

त्याने सारे शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, “मास्तर, म्हणजे मी आळशी नव्हतो?”

पापनिवेदनाला मी आयुष्यभर गेलो. हे पाप मात्र तिथे कधी सांगितले नव्हते, कारण ते पाप आहे हेच ठाऊक नव्हते. त्या दिवशी मंडपातल्या गर्दीत उभे राहून मी त्याची क्षमा मागितली. नात मधेच हसली. तिचे सारे दात अजून दुधाचे होते.