वकिलाचे बळ

घरातील एखादा मुलगा वाद घालू लागला, की आमच्या बोरगावात वडीलधारी माणसे हसून म्हणतात, "याला बॅरिस्टर करा!" विलायतेतून सनद घेऊन येणाऱ्यांना बॅरिस्टर म्हणत. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनंतर आपल्या देशात वकिलांचा एकच वर्ग राहिला. पण जुना शब्द लोकांच्या तोंडून गेला नाही, आणि वकील म्हणजे तिखट जीभ ही समजूतही गेली नाही. ही समजूत गरिबाला महाग पडते, म्हणून हे चार शब्द.

माझ्या नात्यातील एक गृहस्थ एका सोसायटीचे चिटणीस होते. त्यांच्यावर अफरातफरीचा आरोप आला. घरी चूल पेटेना, मुलीचे ठरत आलेले लग्न थांबले. सौंसरच्या ज्या वकिलाकडे आम्ही गेलो, ते फारच कमी बोलत. त्यांनी पावतीपुस्तके, रोजकीर्द आणि खतावणी मागून घेतली व तीन रात्री वाचली. साक्षीदार म्हणाला, "यांनी माझ्यासमक्ष पावती फाडून दिली." वकिलांनी एवढेच विचारले, "कोणत्या तारखेला?" तारीख नोंदली गेली. मग त्यांनी त्याच दिवशी आमचे गृहस्थ इस्पितळात असल्याचा कागद पुढे ठेवला आणि ते खाली बसले. ऐकायला आलेल्यांना वाटले, इतकेच? पण आरोपी निर्दोष सुटला तो त्या एका प्रश्नाने.

मोठ्या खटल्यांतही हेच दिसते. १९१६ साली लोकमान्य टिळकांच्या बेळगाव व अहमदनगर येथील भाषणांवरून त्यांच्याकडे २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीन मागण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयात बॅरिस्टर जिना त्यांच्या बाजूने उभे राहिले. न्यायमूर्तींनी सुटी वाक्ये न धरता भाषणे समग्र वाचली आणि नोव्हेंबरात तो हुकूम रद्द झाला. निवडक ओळींवर उभा केलेला आरोप संपूर्ण वाचनापुढे टिकला नाही.

फसवणुकीच्या प्रकरणांत तर हिशेबच बोलतो. आयुर्विमा महामंडळाचे सुमारे सव्वा कोटी रुपये १९५७ साली हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांच्या भागांत गुंतविले गेले. त्याची चौकशी स्वतः बॅरिस्टर असलेल्या मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघडपणे चालविली. कोणी, केव्हा, कोणाच्या सांगण्यावरून पैसे दिले, एवढेच प्रश्न. परंतु १९५८ मध्ये देशाच्या अर्थमंत्र्यांना पद सोडावे लागले.

वकिलालाही शिस्त असते, हे आपण विसरतो. मुंबईच्या फौजदारी कोर्टाच्या दाराशी पक्षकारांना ओढून नेणाऱ्या काही वकिलांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७५ मध्ये न्यायालयाने बजावले की अशी ओढाओढ हे व्यावसायिक गैरवर्तन होय. तेव्हा कोर्टाच्या पायरीवर जो आपली बाही धरतो, त्याच्यापासून सावध राहावे.

आमच्या भागाची आणखी एक अडचण आहे. १९५६ पर्यंत आमची अपिले नागपूरला जात; राज्यपुनर्रचनेनंतर ती जबलपूरला जाऊ लागली. संत्र्याच्या बागेतला शेतकरी घरी मराठी बोलतो आणि कोर्टाचा कागद हिंदीत येतो. न समजलेल्या कागदावर अंगठा उठविण्यापूर्वी त्यातील ओळ न् ओळ मराठीत समजावून सांगणारा वकील लाभणे, ही त्याची निम्मी सुटका आहे.

म्हणून वाचकहो, वकिलापाशी गेलात तर आपल्याला गैरसोयीची असलेली गोष्टही लपवू नका. आपण विश्वासाने सांगितलेले तो आपल्या संमतीवाचून सहसा उघड करू शकत नाही, असे कायद्याचेच बंधन आहे. आणि पैसे नाहीत म्हणून घाबरू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे आणि कोठडीत असलेले यांना, उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मागता येतो. इतर गरिबांसाठी उत्पन्नाची मर्यादा ठरविलेली असते. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. अर्जासोबत आपले सगळे कागद, चुरगळलेली पावतीसुद्धा, घेऊन जावे.